आठशेपैकी बारा: जून १६६७ मधले चॅटम गोदीचे जहाजसुतार

१६६७ च्या जूनमधे डच आरमार थेम्सच्या तोंडाशी आलं, तिथून मेडवे नदीत शिरलं, चॅटमच्या गोदीच्या अगदी जवळ येऊन इंग्लंडच्या राजाची मोठमोठी जहाजं जाळली आणि त्याचं सगळ्यात मानाचं जहाज ओढून घेऊन गेलं. या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक सगळं ॲडमिरल, राजा आणि मंत्री यांच्याबद्दल. मला मात्र त्यातला एकच तपशील सोडवत नाही. संकट आल्यावर लंडनहून घाईघाईत पाठवलेला सेनापती जॉर्ज मंक, म्हणजे ड्यूक ऑफ अल्बेमार्ल, याने नंतर पार्लमेंटसमोर जे निवेदन दिलं त्यात तो म्हणतो की गोदीत राजाच्या पगारावर आठशे माणसं होती, त्यातली जेमतेम बारा मला हजर सापडली, आणि तीही इतकी भेदरलेली की त्यांचा काही उपयोग झाला नाही.

मग उरलेले सातशे अठ्ठ्याऐंशी कुठे होते? त्या वेळच्या दरबारी लोकांचं उत्तर सोपं होतं, भित्रे निघाले, कामचुकार निघाले, त्यांचा साहेब तर फितूरच असणार. माझं मत आधीच सांगून टाकतो. या माणसांकडून राजाने युद्धाची दोन वर्षं बिनव्याजी कर्ज काढलं होतं, त्यांना न विचारता, त्यांच्या मजुरीतून, आणि जून १६६७ मधे ते कर्ज देण्याची त्यांची ताकद संपली. बाकी सगळं, म्हणजे नदीवरची साखळी, अर्धवट किल्ला, गायब झालेल्या होड्या, हे त्याच्या नंतर येतं. हे प्रकरण नीट समजायचं तर आधी हा साधा जहाजसुतार, तिकडे ज्याला शिपराईट म्हणायचे, तो जगायचा कसा ते बघायला लागतं. (तारखा सगळ्या त्या वेळच्या इंग्लिश कॅलेंडरच्या आहेत, डच लोकांचं कॅलेंडर दहा दिवस पुढे होतं.)

चॅटम म्हणजे केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठावरचं गाव. हेन्री आठव्याच्या शेवटच्या काळात, १५४७ च्या सुमाराला, तिथे आरमाराच्या सामानासाठी कोठारं भाड्याने घेतली गेली आणि हळूहळू तिथे गोदी उभी राहिली. नदी वळणावळणाची, तळाला मऊ चिखल, वाऱ्यापासून आडोसा, त्यामुळे हिवाळ्यात मोठी जहाजं डोलकाठ्या आणि तोफा उतरवून इथे नांगरून ठेवायची हा रिवाजच पडला. १६२० च्या दशकापर्यंत कोरडी गोदी झाली, दोरखंड वळायची लांबलचक शेड झाली, आणि चॅटम ही राजाची सगळ्यात महत्त्वाची गोदी बनली. डेप्टफर्ड आणि वुलिच या लंडनजवळच्या गोद्या, पोर्ट्समथ दक्षिणेला, पण युद्ध डच लोकांशी असलं की चॅटमच सोयीचं कारण समोरच उत्तर समुद्र.

तिथे नवीन जहाजं बांधली जायची पण रोजचं काम बहुतेक दुरुस्तीचं. लढाईहून आलेलं जहाज, तोफगोळ्यांनी फोडलेल्या फळ्या, कुजलेल्या बरगड्या, खालून किड्यांनी पोखरलेलं लाकूड. शिपराईट सोडून बाकीही बरेच लोक होते, खड्ड्यात उभं राहून लांब करवतीने ओंडके कापणारे, फळ्यांच्या फटीत जुन्या दोराचे धागे ठोकून वरून डांबर ओतणारे, लोहार, दोर वळणारे, साधे मजूर. पण गोदीचा कणा शिपराईट. जहाजाचा आकार त्याच्या डोळ्यात असायचा.

हे काम शिकायला सात वर्षं उमेदवारी. पोरगं चौदा-पंधराचं झालं की एखाद्या शिपराईटकडे लावायचं, त्याच्याच घरी राहायचं, त्याच्याच हाताखाली वाकस चालवायला शिकायचं. हत्यारं मोजकीच, कुऱ्हाड, लांब दांड्याचा वाकस, गिरमिट, मोगरी, हातोडा. वाकसाने पायाजवळचं लाकूड तासायचं, चूक झाली तर पायाचं बोटच जायचं. ओकच्या जाड फळीला ओकच्याच लाकडी खुंट्यांनी बरगडीला जोडायचं, त्यासाठी हाताने गिरमिट फिरवून भोकं पाडायची, एका मोठ्या जहाजात अशी हजारो. लाकूड निवडणं हे तर वेगळंच शास्त्र, कारण बरगडीला किंवा कोपऱ्याच्या आधाराला सरळ लाकूड कापून चालत नाही, ज्या फांदीचा बाक मुळातच हवा तसा आहे तीच शोधायला लागते म्हणजे धागा तुटत नाही. तळाच्या लांब कण्याला बऱ्याचदा एल्म नावाच्या झाडाचं लाकूड वापरायचे, कारण ते सतत पाण्याखाली राहिलं की टिकतं. ही सगळी माहिती कागदावर फार कमी होती. मोठे कारागीर नकाशे काढायचे, छोट्या प्रतिकृती बनवायचे, पण साध्या शिपराईटची विद्या हातात आणि डोळ्यात, बापाकडून मुलाकडे.

दिवस घंटेवर चालायचा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मधे न्याहारीची आणि जेवणाची सुट्टी, हिवाळ्यात उजेड असेपर्यंत. घाई असेल तेव्हा जादा काम, त्यातल्या दीड तासाच्या तुकड्याला तिथे भरती म्हणायचे आणि पाच तासांच्या तुकड्याला रात्र, आणि त्याचे पैसे वेगळे लागायचे, निदान कागदावर. मजुरी दिवसाला दोन शिलिंगच्या आसपास. बारा पेनीचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. तुलना करायची तर आरमारातल्या पक्क्या खलाशाला महिन्याला २४ शिलिंग मिळायचे, म्हणजे शिपराईट महिनाभर कामावर राहिला तर जवळजवळ त्याच्या दुप्पट. वर उमेदवार पोराची मजुरीपण उस्तादाच्याच हातात पडायची, ती घराच्या मिळकतीचा मोठा भाग होती. अशा माणसाला गरीब म्हणता येत नाही. तो हुन्नरी आहे, त्याच्या शब्दाला गावात किंमत आहे, वाणी, बेकरीवाला, घरमालक त्याला आनंदाने उधार देतात.

आणि ढलप्या. शिपराईट लाकूड तासतो तेव्हा पडणारे तुकडे घरी न्यायचा त्याला जुना हक्क होता. चुलीला जळण, उरलं तर विकायचं. बायका-पोरं गोदीत येऊन पोत्यात भरून न्यायची. साहेब लोकांची कायमची ओरड की ढलप्यांच्या नावाखाली चांगलं लाकूड कापून नेतात, १६३४ मधे चॅटम, डेप्टफर्ड, वुलिच, पोर्ट्समथ सगळीकडच्या या प्रकाराबद्दल तक्रार नोंदवलेली आहे. आणि तसं होतही असेल, मला त्यात शंका नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ढलप्या ही त्या माणसाची एकच मिळकत होती जी त्याच दिवशी हातात पडायची. बाकी सगळं तिमाहीच्या शेवटी मिळणार असं ठरलेलं, आणि प्रत्यक्षात कधी मिळेल ते लंडनला माहीत. पगार वर्षभर थकला की माणूस लाकडाचा तुकडा थोडा मोठाच तोडणार ना.

आता थकबाकीकडे येऊ, कारण खरं प्रकरण इथे आहे.

राजा दुसरा चार्ल्स. आपल्या वाचकांना हा माणूस वेगळ्या कारणाने माहीत असतो, पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई आंदण मिळाली ती यालाच. १६६५ मधे त्याने डच लोकांशी युद्ध सुरू केलं, व्यापारावरून. पार्लमेंटने आधीच २५ लाख पौंड मंजूर केले होते, तोपर्यंतची ही प्रचंड मोठी रक्कम होती आणि सगळ्यांना वाटलं की एवढ्यात भागेल. पण मंजूर होणं वेगळं आणि खजिन्यात जमा होणं वेगळं, कर हळूहळू येतो आणि आरमार रोज खातं. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनला प्लेग आला, व्यापार बसला, करवसुली मंदावली. सप्टेंबर १६६६ मधे लंडन जळलं. त्या सुमाराला आरमाराच्या ऑफिसने हिशोब मांडला तेव्हा देणं नऊ लाख पौंडांच्या वर गेलं होतं.

ज्या ऑफिसात हे हिशोब व्हायचे तिथे सॅम्युएल पीप्स नावाचा अधिकारी होता, त्याच्या डायरीमुळे आपल्याला हे दिवस इतक्या जवळून दिसतात. ऑक्टोबर १६६५ मधे तो लिहितो की ऑफिसात फारसं काम झालं नाही कारण बाहेर पैशावाचून रस्त्यात उपाशी पडलेल्या खलाशांची भयंकर गर्दी आणि त्यांचा आक्रोश, आणि याने आपल्या जिवाला घोर लागलाय. खलाशांना रोख पैशाऐवजी तिकीट मिळायचं, म्हणजे अमुक इतके पैसे देणं लागतो असा कागद, आणि पोट जाळायला ते बिचारे तो कागद दलालाला मिळेल त्या भावात विकायचे. गोदीतल्या कामगारांना तिकीट नव्हतं, त्यांचं नाव आणि हजेरी वहीत असायची आणि पैसे आले की वाटप. पैसेच आले नाहीत तर वही वाढत जायची.

इथे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की आरमार सगळ्यांचंच देणं लागत होतं, पण सगळे सारखे अडकलेले नव्हते. लाकूड, डांबर, ताग पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला माहीत होतं की पैसे उशिरा मिळणार, म्हणून तो भावच चढवून लावायचा, आणि फारच झालं तर माल द्यायला नकार द्यायचा. त्याहून पुढची गोष्ट, १६६५ च्या शेवटी पार्लमेंटने आणखी साडेबारा लाख पौंड मंजूर केले तेव्हा त्या कायद्यात अशी सोय केली की जो कोणी सरकारला पैसे किंवा माल उधार देईल त्याच्या नावाने नोंदणी केलेला कागद निघेल, नंबराप्रमाणे परतफेड होईल आणि सहा टक्के व्याज मिळेल. चांगली योजना होती, तिथूनच पुढच्या सरकारी कर्जाची सुरुवात झाली असं इतिहासकार मानतात. पण शिपराईटने दिलेले हात आणि दिवस हे उधारीत धरलेच नाहीत. त्याच्या मजुरीला व्याज नाही, नंबर नाही, तारीख नाही.

बरं तो नकार देऊ शकत होता का? कामगार कमी पडले की राजाच्या हुकमाने शिपराईटला सक्तीने गोदीत आणता यायचं, ही पद्धत ट्यूडर राजांच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून होती आणि या युद्धातही वापरली गेली. थेम्सच्या काठावर खाजगी गोद्या होत्या, तिथे युद्धाच्या काळात मजुरी राजापेक्षा जास्त आणि वेळेवर. पण राजाची गोदी सोडून तिकडे गेलं तर दोन अडचणी. एक म्हणजे पकडून परत आणतील. दुसरी अडचण जास्त भारी, वहीत वर्षभराची मजुरी नावावर चढलेली आहे, निघून गेलास तर ती मागायला कुठल्या तोंडाने येणार. म्हणजे जितका पगार जास्त थकेल तितका माणूस जास्त बांधला जातो. थकबाकीच बेडी होते. आजही ज्या कारखान्यात सहा सहा महिने पगार होत नाही तिथले लोक का सोडून जात नाहीत असं कोणी विचारतं तेव्हा उत्तर हेच असतं.

पण या बेडीला एक मर्यादा आहे आणि ती मर्यादा माणसाच्या स्वतःच्या सहनशक्तीवर ठरत नाही, गावातल्या वाण्याच्या सहनशक्तीवर ठरते. शिपराईट वर्षभर बिनपगारी जगतो कसा, तर बेकरीवाला भाकर उधार देतो, घरमालक भाडं थांबवतो, बायको खोलीत कोणी भाडेकरू ठेवते किंवा बिअर गाळून विकते, शेजारी पैसे फिरवतात. म्हणजे राजाचं कर्ज शिपराईटच्या आडून अख्खं चॅटम गाव देत असतं. ज्या दिवशी वाणी म्हणतो की आता राजाच्या नावावर काही मिळणार नाही, त्या दिवशी ही सगळी साखळी एकदम तुटते. १६६६ नंतर सगळ्याच गोद्यांमधून अशी गाऱ्हाणी यायला लागली, घरमालक बाहेर काढतात, उधार मिळत नाही, माणसं काम सोडून पोटाच्या मागे निघून जातात. आणि आगीनंतर लंडन परत उभं करायचं होतं, लाकडाचं काम येणाऱ्या प्रत्येक हाताला तिकडे मागणी. ज्याच्याकडे वाकस आहे आणि घरात पीठ नाही तो कुठे बघणार.

१६६६-६७ च्या हिवाळ्यात दरबारात ठरलं की यंदा मोठं आरमार समुद्रात काढायचंच नाही. पैसे नाहीत, शांततेची बोलणी सुरू होणार आहेत, तेव्हा मोठी जहाजं चॅटमला नांगरून ठेवायची, थोडी छोटी जहाजं बाहेर ठेवून डच व्यापाराला त्रास द्यायचा, आणि नदीच्या तोंडाशी शीरनेसला किल्ला बांधायचा आणि गिलिंगहॅमजवळ नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकायची. कागदावर हा विचार फार वाईट नव्हता. पण किल्ला, साखळी, तराफे, पहारा हे सगळं करायला माणसं लागतात, आणि ती माणसं तीच ज्यांचे पैसे वाचवायचे म्हणून हा बेत आखला. मला या सगळ्या प्रकरणातली खरी चूक इथे दिसते, सेनापतींच्या चुका नंतरच्या. खर्च कमी करण्यासाठी असा उपाय निवडला जो पूर्णपणे थकलेल्या कामगारांच्या मेहनतीवर उभा होता. जून उजाडला तेव्हा शीरनेसचा किल्ला अर्धवट होता आणि साखळी मधे पाण्याखाली लोंबत होती.

१० जूनला डच लोकांनी शीरनेस घेतलं. ११ ला अल्बेमार्ल चॅटमला पोचला आणि त्याला ती बारा माणसं दिसली. होड्याही नव्हत्या, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीसेक होड्या असायला हव्या होत्या, पाच-सहा सोडून सगळ्या गोदीच्याच लोकांनी नेल्या होत्या. त्याने नदीकाठी तोफा मांडायला जाड ओकच्या फळ्या मागवल्या तर तीन इंचसुद्धा धड न भरणाऱ्या पाइनच्या फळ्या आल्या, आणि प्रत्येक बारासरशी तोफेची चाकं फळी फोडून खाली रुतायची. १२ तारखेला डच जहाजं साखळीपर्यंत आली आणि साखळी गेली. 'युनिटी' पकडलं, 'मॅथायस' आणि 'चार्ल्स पाचवा' जाळली. मग 'रॉयल चार्ल्स'. हे जहाज १६५५ मधे वुलिचला 'नेझबी' नावाने बांधलं होतं, पुढे परागंदा असलेला राजा १६६० मधे याच जहाजातून हॉलंडहून परत आला आणि जहाजाचं नाव बदललं. अल्बेमार्लचं म्हणणं की ते नदीत वर ओढून न्यायचा हुकूम झाला होता, पण ओढायला होड्या आणि माणसं नव्हती. पीप्सने नंतर ऐकलं ते असं की एका होडीतल्या नऊ डच माणसांनी ते घेतलं, वर एकही इंग्लिश माणूस नव्हता. आणि परत नेताना पाणी कमी होतं म्हणून त्यांनी जहाज एका अंगावर कलतं केलं म्हणजे तळ वर उचलला जाईल, आणि तसंच ते वळणावळणाच्या नदीतून बाहेर काढलं, अशा वाऱ्यात आणि भरतीत जेव्हा चॅटमच्या सगळ्यात चांगल्या वाटाड्यानेही हिंमत केली नसती. म्हणजे जहाज कसं हाताळायचं हे जाणणारे लोक कामाला लागले तर काय होतं ते त्या दिवशी दिसलं, फक्त ते लोक समोरच्या बाजूचे होते.

१३ तारखेला 'रॉयल जेम्स', 'लॉयल लंडन' आणि 'रॉयल ओक' जळाली. डच लोकांना ओढून नेता येऊ नयेत म्हणून ही आधीच उथळ पाण्यात बुडवून टेकवली होती, त्यामुळे पाण्याच्या वरचा भागच जळत राहिला. 'लॉयल लंडन' एक वर्षाचं जहाज होतं, लंडन शहराने राजाला दिलेलं. 'रॉयल ओक'वरचा कॅप्टन आर्चिबाल्ड डग्लस जहाज न सोडता तिथेच मेला, त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं.

आता त्या गैरहजर माणसांचा विचार करा. त्यांची घरं गोदीला लागून. समोर जहाजं पेटलेली, तोफा वाजतायत, घरात बायको, पोरं आणि असलीच तर थोडीफार भांडीकुंडी. हातात होडी आहे. राजाचं जहाज ओढायचं की घरचं सामान उचलायचं? मी तर म्हणेन की ज्याला दर तिमाहीला पगार मिळत असता त्यालाही हा निर्णय जड गेला असता. आणि होड्या फक्त गरिबांनीच नेल्या असं नाही, गोदीचे अधिकारीही सामान हलवत होते. गोदीचा मुख्य कमिशनर पीटर पेट, जहाजबांधणीतलं सगळ्यात नावाजलेलं घराणं, 'सॉव्हरिन ऑफ द सीज' हे प्रचंड जहाज १६३७ मधे बाप-लेकांनी मिळून बांधलेलं, त्याने होडी वापरली ती जहाजांच्या लाकडी प्रतिकृती हलवायला. त्याला नंतर विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की डच लोकांना जहाजांपेक्षा या प्रतिकृती जास्त हव्या असत्या. दरबारातले लोक हसले. मला त्या उत्तरात वेडेपणा वाटत नाही. जळलेलं जहाज पैसे असले की पुन्हा बांधता येतं, ते कसं बांधायचं ही विद्या त्या प्रतिकृतींमधे होती आणि पीटर पेट याला दुसरं कुठलं धन माहीतच नव्हतं. पण त्या वेळी त्याने होड्या 'रॉयल चार्ल्स'कडे पाठवायला हव्या होत्या, हेही खरंच.

लंडनमधे घबराट. सावकारांकडे पैसे काढायला शेकडो लोक, आणि त्यांचं उत्तर की वीस दिवसांनी देऊ. पीप्सने १३ जूनला बायको आणि वडिलांना १३०० पौंडांचं सोनं देऊन गावी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो दोन गोष्टी लिहितो त्या या प्रकरणात साक्षीसारख्या आहेत. काही खलाशी येऊन म्हणाले की आमच्या तिकिटांचे पैसे द्या, आम्ही डचांशी लढायला जातो, नाहीतर जिवावर उदार होऊन आधीच कमावलेलंही घालवायला तयार नाही. आणि वॉपिंग या लंडनमधल्या खलाशांच्या वस्तीत रस्त्यात बायका ओरडत होत्या की आमच्या नवऱ्यांचे पैसे दिले नाहीत त्याचं हे फळ. शिवाय डच जहाजांवर इंग्लिश आवाज ऐकू आले, की आधी आम्ही तिकिटांसाठी लढायचो, आता डॉलरसाठी, म्हणजे डचांच्या चांदीच्या नाण्यांसाठी लढतो. हे खलाशी होते, शिपराईट नाहीत, पण मालक एकच आणि वहीही एकच.

चौकशी झाली. पीटर पेट याला टॉवर या लंडनच्या तुरुंगात टाकलं, १९ जूनला राजाच्या मंत्रिमंडळासमोर उभं केलं, पुढे पार्लमेंटमधे खटल्याची भाषा झाली, शेवटी खटला बारगळला आणि त्याची नोकरी गेली. एका माणसावर सगळं ढकलायला तो सोयीचा होता. कामगारांना मात्र कोणी बोलावून विचारलं नाही की बाबांनो तुम्ही कुठे होतात आणि का. त्यामुळे आपल्याकडे आठशेपैकी बारा हा आकडा आहे तो फक्त अल्बेमार्लचा, आणि तो स्वतःचा बचाव करत होता हे विसरता येत नाही. कदाचित तो पोचला त्या क्षणी बारा दिसले असतील आणि काही लोक नदीवर असतील. तरीसुद्धा बहुतेक लोक कामावर नव्हते यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे. पार्लमेंटला थोडीफार अक्कल आली ती तिकिटांच्या बाबतीत, मार्च १६६८ मधे पीप्स तीन तासांवर सभागृहात उभा राहून बोलला आणि त्याचा मुद्दा एवढाच की रोख पैसेच नव्हते तर आम्ही तिकिटांशिवाय देणार काय होतो. बरोबर होतं ते. फक्त रोख पैसे नसताना आधी कोणाचे थांबवायचे हे कोणीतरी ठरवलं होतं, त्याचा जाब कोणी विचारला नाही.

त्याच मार्चमधे राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, कारण ती सांभाळायचा खर्च झेपत नव्हता. आपल्या शहराचा इतिहास ज्या कंपनीच्या हातात गेला त्यामागे असाच रिकामा खजिना होता.

चॅटममधे काम पुन्हा सुरू झालं. जळलेले सांगाडे उचलले, 'लॉयल लंडन'च्या उरलेल्या लाकडातून १६७० पर्यंत पुन्हा जहाज उभं राहिलं, आणि ते करणारे हात शिपराईटचेच. थकबाकी एका दमात फिटली नाही. दहा वर्षांनी, १६७७ मधे, तीस नवीन जहाजांसाठी पार्लमेंटने सहा लाख पौंड दिले तेव्हा मात्र ते पैसे दुसरीकडे वळवता येणार नाहीत अशी कायद्यातच अट घातली आणि त्याचा फरक पडला, जहाजं उभी राहिली. अठराव्या शतकात पगाराचं वेळापत्रक पुष्कळ सुधारलं पण दर जवळजवळ अख्खं शतक दिवसाला २ शिलिंग १ पेनीच राहिला, आणि ढलप्यांवरून साहेब आणि कामगार भांडतच राहिले. १८०१ मधे ढलप्या घरी न्यायचा हक्क कायमचा बंद केला आणि त्याच्या बदल्यात शिपराईटला रोज ६ पेनी जास्त द्यायला लागले, म्हणजे मजुरीच्या जवळजवळ चौथा हिस्सा.